जावचें काय रावचें?

गोव्यातल्या ज्या घरात विशी-पंचविशीतला मुलगा किंवा मुलगी आहे, त्या घरात आज ना उद्या एक प्रश्न येऊन बसतोच. जावचें काय रावचें? आईवडील तो उघडपणे विचारत नाहीत आणि मुलेही उघडपणे बोलत नाहीत. पण कोणीतरी नोंदणी कचेरीत जाऊन आजोबांच्या जन्माची नोंद शोधून आलेले असते. वाड्यावरचा एखादा मुलगा इंग्लंडात पोचून कामालाही लागलेला असतो. मग हळूहळू विषय जेवताना निघतो आणि घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, इथे राहून करणार काय? दुसरा म्हणतो, सगळेच गेले तर गोव्यात राहणार कोण?

दोन्ही पक्षांना वाटते की हा प्रश्न नवा आहे, पोर्तुगीज पासपोर्टाबरोबर आलेला आहे. तसे नाही. गोमंतकाचा गेल्या साडेचारशे वर्षांचा इतिहास एका बाजूने पाहिला तर तो गाव सोडून गेलेल्यांचा इतिहास आहे. म्हणून वाटले, आजच्या मुलांना उपदेश करण्याआधी आपल्याकडे यापूर्वी कोण कसे गेले आणि त्या जाण्याची किंमत कोणी भरली, हे एकदा पाहावे.

सगळ्यात आधी गेले ते देव. सोळाव्या शतकात तिसवाडी, बारदेस आणि साष्टीत देवळे मोडू लागली, तेव्हा लोकांनी मूर्ती उचलल्या आणि नदी ओलांडून पलीकडे नेल्या. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला आणि साखवाळचा नरसिंह वेलिंगला. आज साखवाळहून वेलिंगला मोटारीने जायला फारसा वेळ लागत नाही, पण तेव्हा अंत्रुज महाल पोर्तुगिजांच्या हाती नव्हता. नदीच्या पलीकडे वेगळे राज्य होते. म्हणजे देवांनीही परमुलूख गाठला! जे लोक आणखी पुढे गेले ते कारवार, मंगळूर करीत थेट कोचीनपर्यंत पोचले. या जाण्याला निर्णय म्हणणे मात्र कठीण आहे. घर पेटल्यावर बाहेर पडणाऱ्याला आपण 'तू का गेलास' असे विचारत नाही.

निर्णय म्हणावा असे जाणे पुढे सुरू झाले. कांदोळीला १७५६ साली जन्मलेला जुझे कुश्तोदियु फारिया, म्हणजे आपला आबे फारिया, १७७१ मध्ये वडिलांबरोबर लिस्बनला जायला निघाला. तेव्हा तो पुरता पंधरा वर्षांचाही नव्हता. निर्णय बापाचा होता. एतद्देशीय पाद्रीला गोव्यात वरच्या जागा मिळत नाहीत, त्या युरोपात जाऊन मिळवाव्यात हा बापाचा हिशेब होता. मुलगा रोमला शिकला, पाद्री झाला आणि शेवटी पॅरिसमध्ये संमोहनविद्येचा अभ्यासक म्हणून नावाजला. १८१९ मध्ये तो तिथेच वारला. गोव्याला तो परत आला नाही. पणजीत जुन्या सचिवालयाजवळ त्याचा पुतळा उभा आहे. गोव्यात कर्तृत्वाला वाव नव्हता म्हणून गेलेल्या माणसाचा पुतळा गोव्याच्या राजधानीत असावा, यातच पुष्कळ काही आले.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र जाणे ही घरोघरची गोष्ट झाली. शेती थोडी, तीही भाटकाराच्या मालकीची. उद्योग नाही. १८७८ च्या अँग्लो-पोर्तुगीज करारानंतर मिठागरांवर ब्रिटिशांचे नियंत्रण आले आणि किनाऱ्यावरच्या कित्येक कुटुंबांच्या पोटावर पाय आला. त्याच कराराने मुरगावचे बंदर आणि रेल्वे आणली. ती मालासाठी बांधली होती, पण तिच्यातून माणसेही भरभरून गेली. बारदेस-साष्टीतले तरुण मुंबईला जाऊन बोटीवर लागले, कोणी खानसामे झाले, कोणी शिंपी, कोणी वाजंत्री. काही पुढे झांझिबार, मोंबासा, नैरोबी, कंपाला इथे कारकून म्हणून गेले. गोव्यात माणसाला तारवटी, मुंबयकार, आफ्रिकार अशी नावे पडू लागली ती याच काळात. माणूस कुठे राहतो त्यापेक्षा कुठे जातो यावरून ओळखला जाऊ लागला.

या काळातली सगळ्यात शहाणी गोष्ट मला वाटते ती कूड. मुंबईत धोबीतलावच्या परिसरात, जेर महालसारख्या जुन्या इमारतींतून, गोव्यातल्या गावागावांच्या कुडी होत्या. काही अजून आहेत. एक मोठी खोली, भिंतीला लागून ओळीने लावलेल्या पेट्या आणि एका बाजूला अल्तार. ज्याची पेटी त्याची तेवढी जागा. रात्री खाली अंथरूण घालायचे, संध्याकाळी सर्वांनी मिळून तेर्स म्हणायचा, महिन्याची थोडकी वर्गणी द्यायची. बोट मिळेपर्यंत तिथे राहायचे, बोटीवरून उतरले की पुन्हा तिथेच यायचे. गावच्या पात्रोनाचे फेस्त गावी होते तसेच कुडीतही होई.

आज आपण कुडीकडे गरिबांची खानावळ-धर्मशाळा म्हणून पाहतो. जरा निराळे पाहा. मुंबईला येणारा अठरा वर्षांचा मुलगा एकटा कधीच नव्हता. त्याला कुडीत घेतले जाई ते तो अमुक गावचा म्हणून. तो दारू पिऊन पडला, घरी पैसे पाठवायचे थांबला, तर ती बातमी गावात पोचायला वेळ लागत नसे. वर्गणी थकली तरी गावकरी सांभाळून घेत. जाण्याचा निर्णय एका मुलाचा नव्हता, घराचा आणि गावाचा होता, आणि परतीची वाट त्या निर्णयातच बांधलेली होती. त्या वाटेने पैसे आले, घरे बांधली गेली, इगर्जी रंगल्या, बहिणींची लग्ने झाली. ती घरे सांभाळली बायकांनी. नवरा वर्षा-दोन वर्षांनी येणार हे धरून शेत, मुले आणि सासूसासरे पाहणाऱ्या बायकांची एक अख्खी परंपरा बारदेस-साष्टीत होऊन गेली. तारवट्यांवर तियात्रे झाली, गाणी झाली. त्या बायकांचा हिशेब मात्र कोणी मांडला नाही.

आता कोणी म्हणेल, ही सगळी किरिस्तांवांची गोष्ट झाली, आमचे लोक आपल्या देवा-भाटांना धरून राहिले. आपल्याकडे हा समज पक्का आहे, पण तो खरा नाही. १९१० मध्ये पोर्तुगालात प्रजासत्ताक येईपर्यंत हिंदूंना सरकारी नोकरीची दारे जवळजवळ बंदच होती. वैद्यकीय शाळा १८४२ पासून होती, पण कला किंवा विज्ञानाची पदवी घ्यायची तर गोव्यात महाविद्यालयच नव्हते. धेंपे आणि चौगुले महाविद्यालये निघाली ती १९६२ मध्ये, मुक्तीनंतर. त्याआधी ज्याला मराठी किंवा इंग्रजीतून पुढे शिकायचे, त्याला बेळगाव, धारवाड, पुणे, मुंबई यांपैकी एक गाठावेच लागे. ज्या कलावंत घराण्यांच्या गळ्यावर हिंदुस्थानी संगीताचा एक मोठा काळ उभा राहिला, तीही मुंबईलाच गेली. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर ही नावे गावांची आहेत, कीर्ती मात्र त्या गावांच्या बाहेर झाली. आणि १९६१ पर्यंत मुंबई हा कायद्याने दुसरा देश होता. आपल्या आजोबा-पणजोबांपैकी जे मुंबईला 'शिकायला गेले' असे आपण सहज म्हणतो, ते खरे तर परदेशी गेले होते.

त्यातल्या एका माणसाविषयी थोडे सविस्तर लिहायचे आहे, कारण जाण्याच्या निर्णयाचा कस त्यांच्याइतका कोणाच्या आयुष्यात दिसत नाही. धर्मानंद दामोदर कोसंबी. जन्म ९ ऑक्टोबर १८७६, गाव साखवाळ, ज्या गावचा नरसिंह तीनशे वर्षांपूर्वी नदी ओलांडून गेला होता तेच. औपचारिक शिक्षण गावच्या मराठी शाळेपलीकडे फारसे नाही. प्रकृती नाजूक. कोवळ्या वयात बालाबाईंशी लग्न झाले, घरच्या माडांच्या भाटाची देखभाल अंगावर आली. वाचनाची ओढ मात्र विलक्षण. मराठी पुस्तके, मासिके जी हाती लागतील ती ते वाचत, आणि त्यातच 'बालबोध' मासिकातल्या बुद्धाच्या लहानशा चरित्राने त्यांना धरले. या माणसाने काय सांगितले ते मुळातून समजून घ्यायचे, हा ध्यास लागला. पण साखवाळला पाली कोण शिकवणार? संस्कृतसुद्धा नीट शिकायची सोय नव्हती.

म्हणून त्यांनी घर सोडायचे ठरवले. इथे थांबून पाहण्यासारखे आहे. धर्मानंद एका झटक्यात गेले नाहीत. ते बाहेर पडले आणि परत आले, असे एकदा नाही, अनेकदा झाले. धीर होईना, घर सुटेना. १८९९ मध्ये थोरली मुलगी माणिक जन्मली होती आणि त्याच वर्षाच्या अखेरीस, तेविसाव्या वर्षी, ते निघाले ते मात्र पुण्यापर्यंत पोचले. तिथे डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांची भेट झाली. पुण्याहून ग्वाल्हेरमार्गे काशी. काशीत अन्नछत्रात जेवून संस्कृतचे अध्ययन. तिथून नेपाळ, आणि नेपाळात बौद्ध धर्माची अवस्था पाहून निराशा. मग कलकत्ता, तिथून सिलोन. १९०२ मध्ये कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांच्या हाताखाली पाली शिकायला त्यांनी सुरुवात केली आणि चीवर धारण केले. पुढे ब्रह्मदेश. कोकणी-मराठीशिवाय दुसरी कोणतीच भाषा नीट न येता घराबाहेर पडलेला साखवाळचा एक मुलगा हे सगळे खिशात पैसे नसताना करत होता.

'निवेदन' या त्यांच्या १९२४ च्या आत्मचरित्रात हा प्रवास आहे. ज्यांनी वाचले नसेल त्यांनी अवश्य वाचावे. गोमंतकीयाने लिहिलेल्या मराठी गद्यात इतके सरळ, आव नसलेले पुस्तक दुसरे चटकन आठवत नाही. पण ते वाचताना एक प्रश्न मनातून जात नाही. ते काशीत संस्कृत शिकत होते, सिलोनात भिक्षू होते, तेव्हा साखवाळात काय चालले होते? सुमारे सात वर्षे बालाबाई नवऱ्याशिवाय होत्या. पदरी लहान मुलगी, नवरा जिवंत आणि तरी नाही. एका सनातनी गावात त्या काळी अशा बाईला काय काय ऐकावे लागले असेल याची कल्पना करता येते. बालाबाईंचे 'निवेदन' मात्र आपल्याकडे नाही. 

धर्मानंदांचा निर्णय चूक होता असे म्हणायचे माझे धाडस नाही. ते गेले नसते तर मराठीला 'भगवान बुद्ध' हा ग्रंथ मिळाला नसता, भारतात पाली अध्ययनाची जी घडी बसली ती तशी बसली नसती. पण तो निर्णय त्यांचा एकट्याचा होता आणि त्याची किंमत दोघांनी, किंबहुना तिघांनी, भरली. ध्येय थोर असले म्हणून मागे राहिलेल्याचा हिशेब मिटत नाही. फार तर तो इतिहासात झाकला जातो.

पुढचा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. १९०६ च्या सुमारास ते परत आले, कलकत्त्यात पाली शिकवू लागले, आणि बायको-मुलीला त्यांनी तिकडे नेले. मग बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी महिना पन्नास रुपये देऊ केले. अट अशी की महाराष्ट्रात कुठेही राहावे आणि वर्षाला एक पुस्तक लिहावे. धर्मानंदांनी कलकत्त्याची नोकरी सोडून हे पन्नास रुपये घेतले. आपल्याला जे मिळाले ते आपल्या भाषेच्या लोकांना द्यायचे, हे त्यामागे होते. १९१० मध्ये 'विसुद्धिमग्ग' या पाली ग्रंथाच्या संपादनासाठी त्यांना हार्वर्ड विद्यापीठाने अमेरिकेला बोलावले. १९३२ पर्यंत ते चार वेळा तिकडे गेले, मधल्या काळात रशियात लेनिनग्राडलाही शिकवून आले. आणि दर वेळी परत आले. फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी शिकवले, गुजरात विद्यापीठात शिकवले, मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगवास भोगला, मुंबईत परळला कामगारवस्तीत बहुजनविहार काढला. जून १९४७ मध्ये सेवाग्रामला त्यांनी अन्नत्याग करून देह ठेवला.

त्यांचा मुलगा दामोदर, म्हणजे गणिती आणि इतिहासकार दा. ध. कोसंबी, अकराव्या वर्षी १९१८ मध्ये बापाबरोबर अमेरिकेला गेला. माणिकही बरोबर होती. बालाबाई इकडेच राहिल्या. दामोदर हार्वर्डचा उत्कृष्ट पदवीधर होऊन १९२९ मध्ये भारतात परतला आणि बनारसला शिकवू लागला. दोन पिढ्या गेल्या आणि दोन्ही परतल्या. आपण जाण्याच्या निर्णयाची इतकी चर्चा करतो की परत येणे हाही एक निर्णय असतो, आणि तो जाण्याइतकाच जड असतो, हे विसरतो.

परतीची वाट नेहमी आपल्या हाती राहतेच असेही नाही. १९५५ मध्ये भारत सरकारने गोव्याची नाकेबंदी केली, रेल्वे थांबली, सरहद्द बंद झाली. कालपर्यंत मुंबईहून सुट्टीला येणारी माणसे पलीकडे अडकली, घरच्यांना पैसे पाठवणेही मुश्कील झाले. आफ्रिकेत तर याहून वाईट झाले. युगांडात तीन पिढ्या काढलेल्या गोमंतकीयांना इदी अमीनच्या १९७२ च्या हुकुमाने इतर आशियाई लोकांबरोबर नव्वद दिवसांत चालते व्हावे लागले. ज्यांनी गोव्यातले घर राखले होते त्यांना निदान पाय टेकायला जागा होती. बाकीच्यांनी कॅनडा-इंग्लंडात पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

आता आजच्याकडे येऊ. १९७० नंतरच्या आखातातल्या नोकऱ्यांनी गोव्याला पैसा दिला, पण तिथला माणूस करार संपला की घरी येणारच होता. पोर्तुगीज पासपोर्टाची गोष्ट वेगळी आहे. भारत आणि पोर्तुगाल यांच्यात १९७४ च्या अखेरीस करार झाला, संबंध सुरळीत झाले. पोर्तुगीज कायद्याने १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना नागरिकत्वाचा मार्ग दिला. त्या पासपोर्टावर हजारो तरुण ब्रिटनला गेले. ३१ जानेवारी २०२० ला ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडले आणि वर्षअखेरीस तो सरळ रस्ताही बंद झाला. ज्या दारासाठी नागरिकत्व बदलले ते दारच सरकले! 

आपला देश दुहेरी नागरिकत्व मानत नाही. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याप्रमाणे स्वेच्छेने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले की भारताचे संपते. लिस्बनला नुसती जन्मनोंद करणे म्हणजे नागरिकत्व घेणे की नाही, यावर गोव्यात निवडणुकांपासून न्यायालयापर्यंत वाद झाले. ओसीआय कार्ड मिळाले तर येता-जाता येते, राहताही येते. पण मत देता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. कुडीतला तारवटी गावचाच राहून जात होता. आजच्या मुलाला मात्र जाण्याआधीच कागदावर सांगावे लागते की मी आता इथला नाही.

गंमत अशी की दुसऱ्या एका कागदावर तो इथलाच राहतो. गोव्याच्या वारसा कायद्यात आईबापांना मुलांचा निम्मा हिस्सा डावलता येत नाही, आणि जुने घर विकायचे तर सगळ्या वारसांच्या सह्या लागतात. तीन भावंडे तीन देशांत. इंवेंतार झालेला नाही. पावसाळ्यात छपराची कौले सरकतात, वासे कुजतात, आणि मागे राहिलेला एक भाऊ सह्यांची वाट पाहत बसतो. सासष्टीपासून पेडण्यापर्यंत आज जी कुलूपबंद घरे दिसतात त्यांतल्या कित्येकांची ही कथा आहे. गेलेल्यांना गोव्याची पर्वा नाही असा त्याचा अर्थ नाही. निघताना घराचे काय करायचे हे बोलायचे राहून गेले, एवढेच असते.

म्हणून 'जावचें काय रावचें' या प्रश्नाला इतिहासाकडे एक उत्तर नाही. देवही गेले, आबे फारिया गेले, धर्मानंद गेले, आणि न जाता इथेच राहून मोठे झालेलेही पुष्कळ आहेत. जाणाऱ्याला देशद्रोही म्हणणाऱ्यांनी आपल्याच घराण्याचा पट उघडून पाहावा, त्यात जाणारे सापडतीलच. मात्र जाणाऱ्या मुला-मुलींनीही निघण्यापूर्वी जुन्या लोकांप्रमाणे घरात बसून काही गोष्टी स्पष्ट कराव्यात. मागे कोण राहणार आणि आईबापांच्या म्हातारपणी त्यांच्याजवळ कोण असणार? घराच्या वाटणीचे कागद करून घेतले का? तिकडचे दार उद्या बंद झाले तर परत यायची सोय काय? आणि जिच्याशी लग्न झाले आहे किंवा ठरले आहे, तिला विचारले का?

हे शेवटचे १८९९ मध्ये साखवाळात कोणाला विचारावेसे वाटले असेल तर त्याची नोंद ठळकपणे कुठे राहिलेली नाही. आज ते विचारता येते. आणि आईबापांनीही मुलाने विषय काढण्याची वाट न पाहता, जन्मदाखल्याचा कागद घरात आला त्याच दिवशी, जेवायला बसल्यावर आपणहून बोलायला सुरुवात करावी.